डाव्या खिशातले हिरडे

सोमाभाऊ केंगले माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आणि चौदा किलोंनी हलके होते. हे दोन आकडे आधीच देऊन ठेवतो, कारण त्यांचा मला फार त्रास झालेला आहे. आपल्यापेक्षा तरुण माणूस पुढे गेला तर मनाची समजूत घालता येते. निवृत्तीला आलेला माणूस दुमडलेल्या खाकी पँटीत आपल्या शेजारून चढ चढून जातो आणि जाताना जेवण झालं का विचारतो, तेव्हा समजूत घालायला काही उरत नाही.

ते डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कालव्याची दारं उघडणं, बंद करणं, ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात पाणी जातंय की नाही हे पाहणं, आणि पाण्याची पातळी रोज दोनदा कार्यालयात कळवणं. मी घोडेगावच्या कार्यालयात लिपिक. त्यांनी फोनवर सांगितलेली पातळी वहीत चढवायची हे माझं काम. कार्यालयात लिपिकाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. सोमाभाऊ मला भाऊसायेब म्हणत.

त्यांच्या हद्दीत चौदा दारं होती. रोज सकाळी सायकलवरून निघताना ते उजव्या खिशात चौदा वाळलेले हिरडे टाकत. एक दार पाहून झालं की एक हिरडा उजव्या खिशातून डाव्यात. शेवटी उजव्या खिशात एखादा राहिला, तर कुठलं तरी दार राहिलं. मग परत फिरायचं. ते मूळचे आहुप्याचे. तिकडे घरटी हिरडा गोळा करतात, त्यामुळे त्यांच्याकडे हिरड्याला तोटा नव्हता. जेवणानंतर एक तुकडा तोंडात असायचाच. मी त्यांच्यासाठी एक छापील तक्ता करून दिला होता. दाराचा क्रमांक, वेळ, शेरा, सही. महिन्याभराने विचारलं, तर म्हणाले, लई कामाला आला. त्यांच्या सायकलची सीट हलत होती. तक्त्याची घडी करून त्यांनी ती सीटखाली बसवली होती.

तरीही आकड्यांच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर पुरा विश्वास होता. त्याला कारण घडलं होतं. एकदा संध्याकाळी त्यांनी कळवलेली पातळी मला पटेना. सकाळची पातळी, सोडलेलं पाणी, मधली दारं, सगळं धरून ती तीन सेंटिमीटर कमी यायला हवी होती. मी फोनवर तसं सांगितलं. ते तेव्हा शिनोलीत पोचले होते. त्यांनी सायकल वळवली आणि अंधार पडता पडता मापाच्या पट्टीपाशी जाऊन पुन्हा फोन केला. पट्टीला शेवाळ चिकटलं होतं, त्यामुळे वाचण्यात चूक झाली होती. "तुमचंच बरोबर हाय, भाऊसायेब. तीन बोटं खाली हाय." बोट म्हणजे सेंटिमीटर नव्हे, हे मी तेव्हा बोललो नाही. त्या दिवसापासून कालव्यावर कुणाशी वाद झाला की ते माझा दाखला देत. भाऊसायबांचा आकडा चुकत नाय. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझाही त्यावर विश्वास बसला.

त्यांची झोप हा वेगळाच विषय होता. उन्हाळी पाळी सुरू झाली की पाणी रात्रंदिवस चालतं, आणि पाटकरीही. "पाणी झोपत नाय," असं ते म्हणत, आणि स्वतः मात्र कुठेही, कसेही, बरोबर पंधरा मिनिटं झोपत. एकदा दोन सख्खे भाऊ रात्री फावडी घेऊन दारावर आले. एकाची पाळी संपत होती, दुसऱ्याची सुरू होत होती, आणि वेळ कुणाच्या घड्याळाची धरायची यावर भांडण. सोमाभाऊंनी दोघांचं ऐकून घेतलं, दार फिरवायच्या चाकावर बसले, चाकात हात गुंतवले आणि झोपले. चाक फिरवायचं तर आधी त्यांना उचलायला हवं होतं. दोघे भाऊ पंधरा मिनिटं फावडी घेऊन उभे. जागे झाल्यावर सोमाभाऊ म्हणाले, आता झाली का दोघांची येळ? आणि दार फिरवलं. ही गोष्ट मला त्याच दोघा भावांनी कार्यालयात येऊन हसत सांगितली. मी त्या रात्री तिथे असतो तर पंचनामा केला असता.

आता सायकलीकडे येतो.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं. मी डोंगरात चालवायची चांगली सायकल घेतली. तेरा किलो वजनाची, पुढे झटके झेलणारा दांडा, डिस्क ब्रेक. जुन्नरहून घोडेगावला कामावर सायकलने येऊ लागलो. किती किलोमीटर, किती चढ, नाडीचे ठोके, सगळं लिहून ठेवू लागलो. मग कळलं की डिंभ्याच्या आसपास चोवीस तासांची सायकल शर्यत होणार आहे. एकट्याने चालवायची, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. धरणाखालच्या माळावरून निघून कालव्याच्या कडेने, मग लाल मातीच्या चढाने वर आणि खडकाळ उताराने परत, अशी नऊ किलोमीटर दोनशे मीटरची एक फेरी. चोवीस तासांत ज्याच्या जास्त फेऱ्या तो पहिला. फेऱ्या सारख्या झाल्या तर ज्याची शेवटची फेरी आधी पुरी होईल तो पुढे. त्यात पंचेचाळीस वर्षांपुढच्या स्थानिकांचा एक गट होता. मी चौदा महिने तयारी केली.

सोमाभाऊंनी चार दिवस आधी नाव दिलं. पुण्याचे आयोजक कालव्याची वाट दाखवायला त्यांनाच घेऊन गेले होते. वाट दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, आमी फिरलो तर चालंल का? त्यांची सायकल एका पर्यटकाने डिंभ्यात सोडून दिलेली होती. एकवीस गिअर, त्यातले तीन चालणारे. "बाकीचे अठरा शोभेला," असं ते म्हणत. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी सायकल कार्यालयाच्या आवारात एक चक्कर चालवून पाहिली. उतरून म्हणाले, "लई ऐकती वो." माझं तिने चौदा महिन्यांत कधी इतकं ऐकलेलं नव्हतं. ते ज्या सहजतेने तिच्यावर बसले, ते पाहून माझं जे झालं त्याला दुसरा शब्द नाही. मला हेवा वाटला. त्या दिवसापासून तो कधी गेला नाही.

शहरातून आलेल्यांच्या मनगटावर फेऱ्या मोजणारी यंत्रं होती. आमच्या स्थानिक गटात पाच जण. आम्हाला सांगितलं, तुमचा मोजणारा माणूस तुम्ही आणा. त्याने कागदावर दर फेरीला एक रेघ मारायची आणि शेवटच्या फेरीची वेळ लिहायची. माझ्या फेऱ्या मोजायला माझी बायको मंगल बसली. सोमाभाऊंनी घोडेगावचे शांतिलालशेठ आणले. शेठचं मूळ घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच. आहुप्याकडचा हिरडा खरेदी करणारे. सोमाभाऊंच्या घरचा हिरडा त्यांच्याकडेच जायचा. शेठ घरून गादी, तक्क्या आणि खाकऱ्यांचा डबा घेऊन आले होते आणि मंगलशेजारी ऐसपैस बसले होते.

बारा वाजता सुटलो. सोमाभाऊंनी उजव्या खिशात हिरडे भरले होते. दर फेरीला एक डावीकडे जाणार हे उघड होतं. पहिल्या आठ फेऱ्या आम्ही साधारण बरोबरीने केल्या. मी दर तासाला ठरलेलं खात होतो, ठरलेलं पीत होतो. ते येईल तिथे थांबून भाकरी आणि सुकट खात होते. आठव्या फेरीनंतर, रात्री नऊच्या सुमारास, शेठ घरी गेले. जाताना सोमाभाऊंचा कागद मंगलकडे दिला. तिने दोन्ही कागदांवर रेघा मारायला सुरुवात केली. आमच्या गटातले तिघे मध्यरात्रीपर्यंत गळाले. उरलो आम्ही दोघं.

तेराव्या फेरीत, पहाटे दोनच्या आसपास, माझा दिवा बंद पडला. बॅटरी थंडीने बसली. खडकाळ उतार पुढे होता. मी सायकल हातात धरून उभा राहिलो. मागून सोमाभाऊ आले. त्यांनी गस्तीची विजेरी हँडलला ट्यूबने बांधली होती. म्हणाले, "या माझ्या उजेडात." आणि संबंध उतार ते सावकाश, माझ्या चाकापुढे उजेड पाडत आले. स्वतःच्या चाकापुढे त्यांना काही दिसत नसावं. मधे एकदा म्हणाले, इथं दगूड हाय, आणि दगड खरोखर तिथे होता. माझ्यासाठी त्यांची निदान बारा मिनिटं गेली. तो हिशेब मी तिथेच, उतरतानाच केला. आभार मानले, पण आतून वाटत होतं की हा माणूस मला ओझ्यासारखा नेतोय आणि त्याला ते जडही होत नाही.

चौदावी फेरी संपवून मी चार वाजता तंबूत टेकलो. वीस मिनिटं झोपायचं ठरवलं होतं. मंगलने उठवलं तेव्हा सव्वापाच झाले होते. इतके गाढ झोपला होतात, उठववेना, असं ती म्हणाली. मी ओरडणार, इतक्यात तिने कागद पुढे केले. "घाबरू नका. चौदा-चौदा आहे. ते आत्ताच गेले."

हे शक्य नव्हतं. तेरावी आम्ही दोघांनी मिळून संपवली होती. चौदावीत ते माझ्या नजरेच्या टप्प्यात होते. मी झोपलो तेवढ्यात त्यांची एक फेरी झाली होती. म्हणजे पंधरा. मी त्यांचा कागद विजेरीखाली धरला. वर, डाव्या कोपऱ्यात, शेठच्या ठसठशीत अक्षरात 'लाभ' असं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे पाच-पाचच्या जुड्यांत रेघा. चौदा.

माझे वडील जुन्नरच्या बाजारात मापाडी होते. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो, मग दोन, तीन, चार. मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून तसंच ऐकलं होतं, आणि शेठही उभा जन्म हिरड्याची पोती तशीच मोजत आलेले होते. त्यांनी पहिल्या फेरीला रेघ मारली नव्हती; 'लाभ' लिहिलं होतं. मंगल नाशिक शहरातली, बँकेतल्या माणसाची मुलगी. तिने पुढच्या रेघा मोजल्या. शब्द कुणी मोजत नाही.

मला हे कळायला एक क्षणही लागला नाही. मग पुढचे सात तास मी ते कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक चढावर ठरवलं की शेवटी सांगू. आधी पाहू या, कदाचित मीच एक फेरी भरून काढीन, मग प्रश्नच राहणार नाही. उजाडल्यावर मी जीव तोडून चालवलं. त्या सहा फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या चालवलेल्या आहेत. तरी फेरी भरून निघाली नाही. माझी विसावी फेरी अकरा वाजून एकतीस मिनिटांनी संपली. पुढची करायला वेळ नव्हता. सोमाभाऊ अकरा बावन्नला आले. त्यांची एकविसावी.

आयोजकांपैकी एका तरुणाने दोन्ही कागद घेतले आणि मोठ्याने रेघा मोजल्या. माझ्या वीस. त्यांच्या वीस. फेऱ्या सारख्या, माझी शेवटची फेरी एकवीस मिनिटं आधी, म्हणून मी पहिला. त्याचं बोट 'लाभ'वरून पुढे सरकलं ते मी पाहिलं. मी एका हाताच्या अंतरावर उभा होतो. माझ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. सोमाभाऊंनी डाव्या खिशात हात घातला, थोडा वेळ आत बोटं हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चषकाकडे पाहत होतो. त्यांनी हात बाहेर काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "लई भारी चालवली, भाऊसायेब."

त्यानंतर मी ती फेरी धरून सगळा निकाल पुन्हा मांडून पाहिला. फरक फक्त आमच्या दोघांत पडत होता. मला ते बरं वाटलं. का, ते अजून कळलेलं नाही.

चषक पाच महिने आमच्या बैठकीत होता. पाहुण्यांना मंगल दाखवायची. सोमाभाऊ कार्यालयात आले की कुणाला तरी सांगायचे, मी बी दुसरा आलो, भाऊसायबांच्या मागं. आणि सकाळ-संध्याकाळ फोनवर पातळी सांगायचे. मी वहीत चढवायचो. आकडा दोनदा विचारून घ्यायची माझी जुनी सवय होती. ती सुटली. मला त्यांना पुन्हा विचारायला तोंड नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. आदल्या संध्याकाळी मी मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रात्रभर थंडीत बसून मी दोघांच्या रेघा मारल्या. आणि तुम्ही मला हे आत्ता सांगताय." तिने चषक कपाटातून काढला, पदराने पुसला आणि पिशवीत घालून दाराशी ठेवला. मी आयोजकांना पत्र लिहिलं. काय चुकलं, कुणामुळे नाही चुकलं आणि मला कधीपासून ठाऊक होतं, हे वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा नारळ आणि शाल झाली. आहुप्याच्या एसटीचा नेम नव्हता, म्हणून सोमाभाऊ सायकलनेच घरी निघाले होते. मी मोटरसायकलवरून मागे गेलो आणि डिंभ्याच्या पुढे, चढ सुरू होतो तिथे त्यांना गाठलं. ते रस्त्याच्या कडेला आंब्याखाली सायकल टेकवून बसले होते. कॅरिअरला बियाण्याच्या भाताची पिशवी आणि त्यावर शाल बांधलेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. लाभ, रेघा, सव्वापाच, सात तास. काही गाळलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या डाव्या खिशात एकवीस हिरडं व्हते. चार बारी मोजले. म्हंटलं, रातच्याला झोपंत एखादा जास्ती गेला असंल." आणि पुढे म्हणाले, "भाऊसायेब सोता कागदापाशी उभं हायेत, म्हंजी ईसच."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते बोटांवर काहीतरी ताडून पाहत होते. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"म्हंजी हिरडं बरोबर व्हते."

"बरोबर होते."

मी पिशवीतून चषक काढला. खरं सांगायचं तर मला अपेक्षा होती की ते नको म्हणतील. राहू द्या तुमच्याकडे, पोरींनी पाहिलाय, असं काहीतरी. तसं म्हटलं असतं तर मी दोनतीनदा आग्रह केला असता आणि शेवटी तो परत घरी आणला असता. तेवढी तयारी मी मनाशी करून आलो होतो.

"आणा मग," ते म्हणाले.

त्यांनी चषक हातात घेऊन फिरवून पाहिला, आत डोकावले, आणि खिशातून मूठभर हिरडे काढून त्यात टाकले. मग तो भाताच्या पिशवीवर आडवा ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधला. हलवून पाहिला, हलत नव्हता. मला विचारलं, जेवण झालं का? नाही म्हटल्यावर अर्धी भाकरी काढून दिली आणि सायकलवर बसले.

तो चढ मी तयारीच्या दिवसांत अकरा वेळा केला होता. दुसऱ्या वळणावर दर वेळी माझा पाय खाली टेकला होता. मी भाकरी हातात धरून पाहत राहिलो. टेकेल, असं वाटत होतं. खरं म्हणजे टेकावा असं वाटत होतं. त्यांच्याजवळ तीनच गिअर, मागे भात, अठ्ठावन्न वर्षं वय, आणि सायकल सावकाश, एका चालीने वर जात होती. चषकावर ऊन चमकत होतं, झाडीत लपत होतं, पुन्हा चमकत होतं. मी सवयीने वळणं मोजू लागलो. पहिल्या वळणाला माझ्या तोंडून वडिलांसारखं लाभ निघालं. मग दोन. पाय टेकला नाही. तीन. चार. पाचव्या वळणाच्या आधी ते झाडीआड गेले, तरी मी ते वळण धरलं.